राखणदाराची खोळ

देवाला हलवायच्या आधी केसरीनाथ केण्याने देवाला विचारलं होतं. निदान गावात तरी त्याने तसं सांगितलं. लडकू भगताने कौल लावला, तांदळाचे दाणे हवे तसे पडले आणि राखणदार आपली जागा सोडून हायवेच्या कडेला यायला राजी आहे, असं जाहीर झालं. देव राजी झाला त्याच्या आदल्या आठवड्यात मुंबईचा शेठ राजी झाला होता. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोललं कोणी नाही.

वडप्याजवळची ती जमीन सावळाराम केण्यांची. ते गेल्यावर ती त्यांची बायको जानकीबाई, केसरीनाथ धरून दोन मुलगे आणि एक मुलगी यांच्या नावावर झाली. सावळाराम होते तोवर तिथे भात पिकत होतं. पंच्याण्णव साल उजाडलं तोवर आजूबाजूच्या शेतांतून पत्र्याची गोदामं उभी राहिली होती. मुंबईतल्या प्रत्येक व्यापाऱ्याला आपला माल वडप्यात ठेवायचा होता. शेठला जमीन सपाट हवी होती आणि तिच्या बरोबर मधोमध, बांधावर, राखणदार उभा होता. देव उपटून गोदाम बांधलं, असं शेठला ऐकून घ्यायचं नव्हतं. म्हणून केसरीनाथने तोड काढली. रस्त्यालगत टाइल्सची घुमटी, तिला स्टीलचा दरवाजा आणि बाहेर संगमरवरी पाटीवर देवाचा इतिहास.

अडचण एवढीच होती, की देवाचा इतिहास कोणाला माहीत नव्हता.

राखणदार म्हणजे माणसाच्या छातीएवढा उंच एक दगड. पिढ्यान् पिढ्यांच्या शेंदराने तो इतका फुगला होता, की मूळ आकार कोणालाच आठवत नव्हता. शेंदराखाली काही उंचवटे हाताला लागत, आणि ज्याला जे हवं ते त्याने त्यात पाहिलं होतं. केसरीनाथला वरच्या उंचवट्यात देवाचा वर केलेला हात दिसे. त्याच्या मते देव अभय देत होता, आणि ते मुख्यतः त्यालाच. धाकटा तुळशीराम ट्रकवाला. गाडीच्या पुढे काळी बाहुली, मागे नाल, आरशाला लिंबू-मिरची आणि काचेवर चार धर्मांचे देव लावून तो नाशिकच्या घाटातून जाई. त्याच्या मते तो नाग होता, फणा पसरून छाया धरणारा. आणि जानकीबाई, जी लग्न होऊन आल्यापासून दर शनिवारी तिथे तेल घालत होती, तिला खालच्या अंगाला एक बाई बसलेली जाणवे, मांडीवर पोर घेतलेली. आपली तिन्ही पोरं तिने बाराव्या दिवशी त्या दगडापुढे जमिनीवर ठेवली होती.

राखणदाराला वर्षाचा बोकड देतात त्या राखणीच्या जेवणाचा दिवस केसरीनाथने मुद्दाम निवडला. भाऊबंद जमणार, शेठचा मॅनेजर येणार, फोटोग्राफर येणार. देव क्रेनने उचलून घुमटीत बसवायचा, बोकड कापायचा आणि जेवणं व्हायच्या आधी देवासमोरच ताईची सही घ्यायची. हक्कसोड पत्र टाइप होऊन त्याच्या पिशवीत होतं. बहिणीने देवासमोर भावाला नाही म्हटल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

*

ताई त्या दिवशी सही करायच्याच तयारीने निघाली होती.

तिचं नावच ताई. केसरीनाथच्या पाठची, तुळशीरामच्या आधीची. कोन गावात दिली होती. नवरा राघो कावीळ होऊन गेला, तेव्हापासून दोन म्हशी आणि एक मुलगी यांच्यावर तिचं घर चाललं होतं. जमिनीचं बोलणं सुरू झालं तसं आईने कोनला निरोप धाडला होता, भावांशी वाकडं घेऊ नको, सही करून टाक. दिवाळीला एक साडी आणि भाऊबीजेचं ताट यांच्यासाठी बायका आपला हिस्सा सोडून देतात हे ताईने आजूबाजूला पाहिलं होतं. आपणही त्यातल्याच, असं स्वतःलाच तुसडेपणाने बजावून ती निघाली. साडी तिला नको होती. पण आई त्या घरात होती, आणि आईला भेटायला जायचं तर दार उघडं हवं.

धामणकर नाक्यावर तिला हबीबा भेटली. सत्तार शेठ तांदूळवाल्यांची मुलगी. सावळारामचा तांदूळ वर्षानुवर्षं त्यांच्या पेढीवर जायचा, त्यामुळे दोघी लहानपणापासून एकमेकींना ओळखत. हबीबा भिवंडीत मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावचे जुने दगड बघत हिंडायची. नातेवाईक तिला हसत. केसरीनाथही हसायचा, पण संगमरवरी पाटीवर लिहायला मजकूर हवा झाला तेव्हा त्याला तीच आठवली. पाटीवर तिचं नाव मात्र येणार नव्हतं, हेही त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

रिक्षात हबीबाने विचारलं, तू सही करणार का? ताई म्हणाली, करणार. हबीबा दुसरंच सांगू लागली. देव आपल्याला सांभाळतो हे दाखवायला जुन्या माणसांनी किती खुणा केल्या होत्या, देवाच्या डोक्यावर नागाची फणा, वर केलेला तळहात, दारावर डोळे वटारलेलं तोंड. केसरीदादाच्या बंगल्यावरही सिमेंटचं तसलं तोंड आहे ना, तिने विचारलं. ताई म्हणाली, "तो त्याला सिंह म्हणतो. कंत्राटदाराने फुकट बसवून दिला."

दोघी हसल्या. त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच हसणं.

*

शेतावर मांडव पडला होता. भिवंडीहून आणलेला बँड उन्हात घाम पुसत उभा होता. केसरीनाथ पांढरा सफारी घालून शेठच्या मॅनेजरच्या पुढेमागे करत होता आणि त्याला समजावत होता, की हा देव हजार वर्षांचा आहे, आमच्या घराण्याचं रक्षण करतो, आमच्या जमिनीला कधी वाईट नजर लागली नाही. मॅनेजर मान हलवत घड्याळाकडे बघत होता. तुळशीराम लांब उभा राहून भावाच्या सफारीकडे पाहत होता. रस्त्याकडच्या तुकड्याचा सौदा दादाने शेठशी वेगळा ठरवला आणि त्याचं आपल्याला काही सांगितलं नाही, हा संशय त्याच्या मनात कधीचा होता. तो बोलून दाखवायची त्याची छाती नव्हती. त्याची बायको ठमाबाई त्याला रोज तेवढं ऐकवायची.

क्रेनचा पट्टा दगडाभोवती आवळला. लडकू भगताने नारळ फोडला, अंगात आल्यासारखा थोडा घुमला आणि हात वर केला. पट्टा ताणला गेला. दगड बुडापासून हलला, आणि त्याच वेळी काहीतरी तडकल्याचा आवाज आला. शेंदराला वरपासून खालपर्यंत भेग गेली. मग पिढ्यांचं ते जाड लाल कवच, वाळलेल्या चिखलाचा पापुद्रा सुटावा तसं, एका अंगाने सुटून बांधावर पडलं.

माणसं दोन पावलं मागे सरली. बँड थांबला. लडकू आधी सावरला आणि त्याने ओरडून सांगितलं, की देवाने खोळ टाकली, मोठा शुभशकुन झाला. केसरीनाथने लगेच हात जोडले, मॅनेजरला जोडायला लावले आणि फोटोग्राफरला पुढे बोलावलं. त्याला वाटलं, देवाने आपल्याला आपणहून दर्शन दिलं.

दगडाचं करडं अंग स्वच्छ दिसत होतं. वर सूर्य आणि चंद्राची कोर. त्यांच्याखाली झिजलेल्या अक्षरांच्या ओळी, एकही वाचता येण्याजोगी उरलेली नाही. आणि खाली चौकटीत कोरलेलं एक चित्र.

चित्रात एक जनावर होतं. लडकू म्हणाला, गाय आहे, गोमाता. तुळशीराम म्हणाला, घोडा असेल, खंडोबाचा. केसरीनाथला त्यात वाघ दिसला आणि वाघाच्या खाली त्याने मारलेला शत्रू. बायकांनी मात्र एकदाच पाहिलं, पदर तोंडाशी नेले आणि दुसरीकडे बघू लागल्या. जनावराच्या खाली शत्रू नव्हता, बाई होती. आणि जनावर तिच्याशी काय करत होतं, ते कोरणाऱ्याने अजिबात लपवलं नव्हतं.

जानकीबाई मांडवातून उठून काठी टेकत पुढे आली. दगडासमोर उभी राहून तिने नीट पाहिलं.

"गाढव हाय ते," ती म्हणाली.

*

हबीबाला पहिल्या नजरेतच कळलं होतं. असे दगड तिने ठाण्याच्या बाजूला आणि खाली कोकणात पाहिले होते. इथून आता निघून जावं, असंच तिला वाटलं. पण केसरीनाथने तिला हाक मारली. मॅनेजर तोंडावर रुमाल धरून उभा होता, फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला होता. काहीतरी मोठं, पवित्र असं कोणीतरी लगेच बोलायला हवं होतं.

"बाई, तुम्ही सांगा ह्यांना. अभ्यास आहे तुमचा."

तिने हळूच म्हटलं, की नंतर बोलू, घरी बसून. केसरीनाथ ऐकेना. सगळ्यांसमोर सांगा, लोकांना कळू द्या, तो म्हणाला. त्याला वाटत होतं, शिकलेल्या माणसाला सांगायला लावलं की काही ना काही चांगला अर्थ निघतोच. हबीबाने जानकीबाईकडे पाहिलं आणि म्हणाली, काकी, तुम्ही जरा सावलीत बसता का?

"मी आंधळी न्हाय," जानकीबाई म्हणाली. "सांग तू."

मग हबीबाने सांगितलं. वर्गात सांगावं तसं, कोणाच्याही तोंडाकडे न बघता. जुन्या काळी राजा कोणाला जमीन दान द्यायचा, देवळाला, एखाद्या ब्राह्मणाला, एखाद्या गावाला, तेव्हा त्या जमिनीत असा दगड पुरायचे. वरच्या चंद्र-सूर्याचा अर्थ, हे आकाशात आहेत तोवर हे दान चालेल. मधे कोणी कोणाला काय दिलं ते लिहिलेलं असे. आणि खाली हे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही समजावं म्हणून.

"ह्याला गधेगाळ म्हणतात, दादा. ही शिवी आहे. ही जमीन जो दुसऱ्याकडून हिसकावून घेईल, त्याच्या आईशी गाढव असं करील, अशी."

मॅनेजरने तोंडावरचा रुमाल खिशात घातला.

केसरीनाथ हसला. म्हणजे हा देव राखण करतो हे खरंच झालं की, तो म्हणाला, जमीन राखतो. हबीबा म्हणाली, राखतो, पण तुमच्यासाठी नाही, तुमच्यापासून. ज्याची जमीन होती त्याचं नाव झिजून गेलं. नंतर कोणीतरी ती घेतली, त्यांच्याकडून आणखी कोणी, आणि कधीतरी केण्यांकडे आली. ज्यांनी घेतली त्यांनीच ह्या शिवीला शेंदूर फासला आणि देव केलं.

"लय शहाणपण झालं," तुळशीराम म्हणाला. "आमच्या देवाला शिव्या द्यायला हिला कोणी बोलवली?"

"तुझ्या भावानं," ताई म्हणाली.

*

जानकीबाई अजून दगडाजवळच उभी होती. बाकीचे काय बोलत होते तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

तिच्या बोटांना तो उंचवटा पाठ होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिने तिथून तेल फिरवलं होतं. बाई बसली आहे, मांडीवर पोर आहे, तीही आपल्यासारखीच आहे आणि आपलं ऐकते आहे, असं ती समजत आली होती. केसरीनाथला देवी आल्या तेव्हा ती इथे येऊन रडली होती. सावळाराम दारू पिऊन मारायचे, तेव्हा त्या मांडीवरच्या पोराला हात लावून ती घरी परत जायची. तिचं गाऱ्हाणं ऐकणारी बाई ही अशी होती. एका गाढवाखाली दाबलेली, हजार वर्षं. आणि तिचा गुन्हा इतकाच, की तिच्या मुलाने कुठेतरी कोणाची तरी जमीन खाल्ली होती.

तिला रडू आलं नाही. किळस आली. दगडाची नाही, तो करवून घेणाऱ्यांची आणि तो जपणाऱ्यांची. तिच्या मनात आलं, की ज्याने जमीन खाल्ली त्याला ह्या दगडावर कुठे ओरखडासुद्धा नाही. तो दगडावर नाहीच.

मागे केसरीनाथची गडबड चालली होती. त्याने माणूस गावात पिटाळला, शेंदूर आणा, डबाभर आणा, तेल आणा. लडकूला त्याने बाजूला घेऊन सांगितलं, की दिवसभरात ही मूर्ती पुन्हा पूर्वीसारखी दिसली पाहिजे. लडकू म्हणाला, दिसेल. मॅनेजरला त्याने समजावलं, की ह्या मास्तरीणबाई आहेत, पुस्तकातलं काहीही बोलतात. मॅनेजर म्हणाला, मला देव काय आहे त्याच्याशी कर्तव्य नाही, शेठला सगळ्या सह्या पाहिजेत आणि त्या आज मिळतील असं तुम्ही म्हणाला होता. हे ऐकल्यावर केसरीनाथला आपल्या पिशवीची आठवण झाली.

त्याने मांडवात टेबल सरकवलं, पत्र काढलं आणि ताईला हाक मारली. झालं ते झालं, तो म्हणाला, आपल्या घरातलं काम आपण करून टाकू. पेनाचं टोपण त्याने स्वतः काढून दिलं.

ताईने पेन घेतलं. काय लिहिलंय ते तिने वाचलं नाही, तिला ठाऊक होतं. बहीण स्वखुशीने, प्रेमापोटी, आपला हक्क सोडत आहे. सगळी माणसं बघत होती. ती सहीच्या जागेवर वाकली आणि तेवढ्यात तिच्या मनगटावर आईचा हात पडला.

"थांब."

केसरीनाथ म्हणाला, आये, तूच तिला निरोप धाडला होतास ना? जानकीबाई म्हणाली, होय, धाडला होता, चूक केली. मग तिने काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि केसरीनाथकडे पाहिलं.

"हिचा हिस्सा तू खाल्लास तर दगडावर कोन हाय रं?"

केसरीनाथला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

"मी हाय," जानकीबाई म्हणाली. "तुझी आय. तू जमीन घेनार, दुसरा बंगला बांधनार, सफारी घालनार. आनि गाढव कोनावर? माझ्यावर. आजपर्यंत मी त्याला तेल घातलं. आता तू त्याच्यावर नवा शेंदूर लावतोस. मला झाकून टाकतोस."

मांडवात बसलेल्या भाऊबंदांतल्या एका म्हाताऱ्याने, पोरं आहेत, बाहेरची माणसं आहेत, असं काहीतरी म्हटलं. जानकीबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ठमाबाईने नवऱ्याला कोपराने ढोसलं. तिची दोन मुलं होती, पुढेमागे तीही जमिनीवरून भांडणार होती, आणि दगडावरची बाई आता तिला काही केल्या परकी वाटत नव्हती. पण तुळशीरामला ढोसण्याचा अर्थ वेगळाच लागला. संधी आहे, असं त्याला वाटलं. तो पुढे होऊन म्हणाला, आयेचं बरोबर हाय, दादाने सगळ्यांचंच खाल्लं हाय, रस्त्याकडच्या तुकड्याचं काय झालं ते आधी सांगू दे.

"तुझ्यासाठी न्हाय बोलले मी," जानकीबाई म्हणाली. "तू पन त्याच गाढवाचा."

कोणीतरी हसलं. तुळशीराम मागे सरला आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला, मघापेक्षा थोडा लांब.

आता केसरीनाथचा आवाज चढला. इतका वेळ तो मॅनेजरसाठी शहरातलं बोलत होता, ते सुटलं. तो ताईला म्हणाला, सही करत नसशील तर नको करू, पन मग इथं माहेर म्हनून यायचं न्हाय, माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय. हे सगळ्यांच्या देखत बोलतो मी.

ताईने पेन टेबलावर ठेवलं. माहेर ह्या शब्दाची भीती घेऊन ती सकाळी निघाली होती. तो शब्द आता बोलला गेला होता, आणि तो ऐकून मेल्यासारखं काही वाटलं नाही, याचं तिला नवल वाटलं. तिला फक्त आईची काळजी वाटली. ती म्हणाली, दादा, मी तुझ्या दारात नाही येणार. आयेला मात्र महिन्यातून एकदा कोनला धाड.

"मला कोन धाडतं?" जानकीबाई म्हणाली. "तिचं माहेर म्हंजे मी. मी जाते तिच्याकडं, म्हंजे माहेर तिच्या घरी गेलं. तू बस इथं दार लावून."

आणि ती खरंच निघाली. घरी जाऊन लुगडं घेते म्हणाली नाही, जेवते म्हणाली नाही. बोकड अजून बांधलेलाच होता. केसरीनाथने कोणाला तरी डोळ्याने खुणावलं, की अडवा तिला. पण अडवायला कोणी पुढे झालं नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन जाणाऱ्या मुलीला लोक अडवतात, स्वतः निघालेल्या म्हातारीला कसं अडवायचं हे कोणाला ठाऊक नव्हतं. शेताच्या टोकाला हबीबा रिक्षा थांबवून उभी होती. तिघी मागच्या सीटवर दाटीवाटीने बसल्या. कोन आल्यावर उतरताना जानकीबाईने हबीबाला विचारलं, असे दगड अजून हायत का. हबीबा म्हणाली, आहेत, पुष्कळ. जानकीबाई म्हणाली, "आनि सगळ्यांवर बाईच?" हबीबाने होकाराची मान डोलावली.

*

केसरीनाथला वाटलं, संध्याकाळी येईल. मग वाटलं, राखणीचं मटण पाठवलं की येईल. ठमाबाईच्या हाती पाठवलेला डबा ठमाबाईने तिथेच बसून सासूबरोबर खाल्ला आणि रिकामा परत आणला. मग केसरीनाथला तलाठ्याच्या कचेरीत कळलं, की बहिणीच्या सहीची गोष्ट नंतरची, सातबाऱ्यावर आईचंही नाव आहे आणि तिच्या अंगठ्याशिवाय शेठचा वकील पुढे सरकणार नाही. इतकी वर्षं आईचा अंगठा हा आपल्याच हाताचा आहे असं तो धरून चालला होता.

पावसाळा गेला. शेठने पलीकडच्या गावातली दुसरी जमीन बघायला सुरुवात केली, अशी बातमी आली. तुळशीरामने ती मुद्दाम दोनदा सांगितली. दिवाळीच्या आधी केसरीनाथ कोनला गेला.

जानकीबाई ओट्यावर बसून म्हशींसाठी सरकी भिजवत होती. तिचं अंग थोडं भरलं होतं. केसरीनाथ बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग त्याने नवीन कागद काढला. वाटण्या समान लिहिल्या होत्या, ताईचा हिस्सा ताईच्या नावावर, रस्त्याकडच्या तुकड्यासकट. तो म्हणाला, बघ, तुझं ऐकलं मी. जानकीबाईने कागद नातीकडे दिला. तिने सगळा मोठ्याने वाचला, दोनदा. मग म्हातारीने अंगठा पुढे केला. ताईने सही केली आणि शाई वाळायच्या आत पुन्हा म्हशीखाली जाऊन बसली. भावाला तिने बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

केसरीनाथने कागद घडी करून खिशात ठेवला. त्याला हलकं वाटत होतं, आणि आपण फार मोठेपणा केला असंही वाटत होतं. कोणीतरी तसं बोलून दाखवावं म्हणून तो थोडा थांबला. मग त्याने गाडीचं दार उघडून आईला हाक मारली.

"चल आये. झालं ना आता मनासारखं? घरी चल."

जानकीबाईने सरकीचे हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्याकडे बघितलं. गावातून आलेल्या कोणा ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

"मी घरीच हाय," ती म्हणाली. "तू पाव्हना हायस. ताये, भात टाक गं, ह्याला जेवून जायचं हाय."